गोरेगावच्या फरशीवरची देवी

पुण्याहून निघताना माझ्याबरोबर एक वळकटी, एक स्टोव्ह, आईने बळेच दिलेला मेतकुटाचा डबा आणि माझी सायकल एवढं सामान होतं. सायकल पाहून स्टेशनवरचा हमाल म्हणाला, "ताई, तिकडे सायकली मिळत नाहीत का?" मिळत असतील, पण मला माझीच हवी होती. नर्सिंगला असल्यापासून मी तिच्यावरून अख्खं पुणं पालथं घातलं होतं. सायकल कशी चालवावी हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. ते मोजून एक आठवडा टिकलं.

मनमाडला गाडी बदलली, पूर्णेला बदलली, आणि केसांत कोळशाची कणी घेऊन दुसऱ्या दिवशी हिंगोलीला उतरले. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. तिथून सेनगाव. लहान मुलांना क्षयाची लस टोचायला मला तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी चहा पाजला आणि टेबलावर एक हिरवा थर्मास ठेवला. "सिस्टर, लस बर्फात राहिली तरच उपयोगाची. थर्मास एवढा एकच आहे. फुटला की गोरेगाव बंद. दुसरा यायला वर्ष जाईल."

गोरेगाव सेनगावहून सायकलने सव्वा तासावर. आठवड्यातून दोनदा जायचं. सोबतीला दवाखान्यातले शिपाई सुखदेव. वय पस्तिशीचं, बोलणं कमी, सायकल माझ्यापेक्षा जुनी. हिंगोलीहून पहिल्या गाडीने भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा. तो फोडून थर्मासात भरायचा, थर्मास गोधडीत गुंडाळायचा आणि कॅरियरला बांधायचा. सगळं सुखदेव करायचे, कारण पहिल्या दिवशी मी बांधलेली गाठ त्यांनी न बोलता सोडली आणि परत बांधली.

रस्ता मात्र देखणा. थंडीचे दिवस, दोन्हीकडे ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, मध्येच कापसाचं पांढरं शेत. डांबर एकाच गाडीपुरतं. दोन्ही बाजूंना साइडपट्टी, पण ती डांबरापासून वीतभर खाली. मागून ट्रक आला की सायकलवाल्याने खाली उतरायचं, असा तिथला अलिखित कायदा. मी उतरायचं नाही असं ठरवलं होतं. कर मीही भरत होते.

पहिला ट्रक माझ्या कोपराला वारा लावून गेला. कापसाने इतका फुगलेला, की पोत्याची सुतळी माझ्या खांद्याला घासली. शिवाय ड्रायव्हर मान वळवून मला बघत होता. बाई सायकलवर बसते हेच त्याला नवल. दुसरा तसाच. तिसऱ्याने मला साइडपट्टीवरून थेट धसकटांत पाठवलं. गुडघे फुटले, बांगडी फुटली. पडल्या पडल्या मी आधी थर्मास कानाशी धरून हलवला. आत बर्फाचाच आवाज होता. सुखदेव मागून येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी खाली काहून उतरत न्हाई?"

"रस्ता त्यांच्या बापाचा आहे का?"

"न्हाई. पर ट्रक त्यांचा हाय," ते म्हणाले आणि माझं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून सरळ करू लागले.

त्या दिवशी शाळेच्या ओसरीवर चाळीसेक बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. माझेच गुडघे बघून लेकरं आधी रडायला लागली. सगळ्यांत पुढे गयाबाई नावाची म्हातारी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे ती बसली की बाकीच्या बसायच्या. टोचून झाल्यावर तिने आम्हाला घरी नेलं आणि भाकरी, सोल्याची आमटी (कोवळ्या तुरीच्या दाण्यांची) आणि जवसाची चटणी वाढली. आमटीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मी परत मागून घेतली.

आता उपाय शोधणं आलं. मी तुराटी (तुरीचं वाळलेलं खोड) कॅरियरला आडवी बांधली, हातभर उजवीकडे काढली आणि टोकाला लाल फडकं लावलं. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. मागून एक ट्रक आला आणि चक्क थांबला. ड्रायव्हर उतरून पुढे रस्ता न्याहाळायला लागला. "बाई, खडी टाकून राहिले का म्होरं? रस्ता बंद हाय का?" त्याच्या मागे एक बैलगाडी थांबली, मग दुसरा ट्रक. मी समजावेपर्यंत एवढा खोळंबा झाला, की गाडीवान माझ्याच नावाने बोटं मोडायला लागला. संध्याकाळी त्या तुराटीवर मी आंघोळीचं पाणी तापवलं.

खरा धोका फरशीवर. फरशी म्हणजे नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. गोरेगाव मैलभर राहिलं की ती लागते. तिथे साइडपट्टीच नाही. एकीकडे ट्रक, दुसरीकडे पुरुषभर खाली नाला. सुखदेव तिथे येताजाता मागे बघून मगच सायकल घालायचे. एकदा आम्ही मधोमध असताना मागून ट्रक घुसला. मी इतकी कडेला गेले, की पायडल मारताना टाच हवेत होती. पुढे गेल्यावर त्याच ट्रकने वडाखालच्या मारुतीपाशी वेग कमी केला, दोनदा हॉर्न वाजवला, अंग चोरून वळसा घातला, आणि ड्रायव्हरने छातीला हात लावून नमस्कार केला. माझा असा संताप झाला म्हणून सांगू.

"सुखदेव, बाजारातून शेंदूर आणायचा. आणि तेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "बाई, आमच्या बापानं घरातले देव नदीला सोडले आन बुद्धाला शरण गेला. आन मी नवा देव करू व्हय?"

"तुम्ही करू नका. मी करते."

"तुमचं तुमी बघा. मी पाठ करून बसतो." आणि खरंच, मी फरशीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली एका धोंड्याला शेंदूर फासत होते तेव्हा ते नाल्याकडे तोंड करून बिडी ओढत बसले. पाप लागेल का, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. मग टाच आठवली आणि मी दुसरा हात मारला.

काय सांगू, अशी गुणाची देवी मी पाहिली नाही. चौथ्या दिवसापासून ट्रक फरशीपाशी हळू व्हायला लागले. आठवड्यात कुणीतरी नारळ फोडला, हिरव्या बांगड्या वाहिल्या. मी शेखी मिरवत फरशीवरून सावकाश, घंटी वाजवत जायची.

पुढच्या वारी शाळेच्या ओसरीवर सहा बाया होत्या. फक्त सहा. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल. तासभर थांबलो. बर्फ वितळायला लागला. शेवटी मीच गयाबाईच्या घरी गेले. ती तूर पाखडत बसली होती.

"आता सुईची तकलीफ कशाला?" ती म्हणाली. "फरशीवर मरीआई (साथीच्या रोगांची देवी) बसली न्हवं. आमी लेकरं तिच्या पायावर घालून आणली. आता गावात रोग येत न्हाई."

ज्या लेकरांपर्यंत लस धड पोहोचावी म्हणून मी हा उद्योग केला, ती लेकरं माझ्याच धोंड्याने माझ्यापासून पळवली होती. तरी खरं ते सांगितलं. "गयाबाई, ती मरीआई नाही. तो धोंडा आहे. मी रंगवलाय. ट्रक हळू जावेत म्हणून."

वाटलं, आता ही मला सुपाने बडवणार. तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुमी रंगवला म्हून काय झालं? समद्याच देवाला कुणी ना कुणी रंगवलेलं असतंया."

पुण्याहून आणलेली सगळी अक्कल संपली. परत येऊन ओसरीवर बसले. सुखदेव रजिस्टर मिटून वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. ते हसतील किंवा सुनावतील असं वाटलं होतं, आणि त्यांचा हक्कच होता तो. ते म्हणाले, "बाया जर तिथं येऊन राहिल्या, तर आपुन तिथं बसू. लस पोचली म्हंजी झालं."

"तुम्हाला चालेल?"

"मी रस्त्याकडं तोंड करून लिहीन."

तर असा आमचा दवाखाना लिंबाखाली आला. गयाबाईने हुकूम सोडला, की आधी पाया पडायचं, मग सुई टोचून घ्यायची, एकावाचून दुसरं लागू पडत नाही. आसपासच्या वस्त्यांवरूनही बाया यायला लागल्या. एरवी गोरेगावात जेवढी लेकरं कधीच आली नसती तेवढी त्या महिन्यात टोचली गेली. एका शेतात आम्हाला हुरड्याचं बोलावणं आलं. गरम कणसं हातावर मळून खाताना मी सुखदेवना म्हटलं, "बघा, देवी पावली." त्यांनी माझ्या हातावर आणखी दाणे टाकले आणि म्हणाले, "खा बाई, गार होतील."

निघायचा दिवस आला. सकाळी फरशीवर शेवटचं टोचणं झालं. मी गोरेगावात गयाबाईचा निरोप घ्यायला गेले. तिने ओटी भरली, दोघी रडलो. तिथूनच हिंगोलीला जाणारा कापसाचा ट्रक मिळाला. सामान वाटेत सेनगावातून घ्यायचं होतं. सायकल वर चढवली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. गणपतराव नावाचा मोठा गमत्या माणूस.

"तुमीच का त्या सायकलवाल्या बाई? व्हय, म्या लई डाव तुमच्या बाजूनं गेलोय. बाई सायकल चालवती म्हंजी बघावंच लागतंय."

"लांबूनही दिसते मी," मी म्हटलं. तो हसला, मीही हसले. वरून रस्ता किती सोपा वाटत होता. फरशी जवळ आली तसा माझा ऊर भरून आला. लिंबाखाली माझी देवी, ताज्या शेंदराची, पायाशी बांगड्यांचा ढीग. गणपतरावांनी वेग कमी केला, हॉर्न दिला, स्टिअरिंगवरचा एक हात छातीला नेला आणि मान तिकडे वळवून डोळे मिटले. मीही हात जोडले. माझीच देवी, पण जोडले गेले.

काहीतरी पत्र्याला घासल्याचा आवाज झाला. फरशी ओलांडून ट्रक थांबला.

मी मागे वळून पाहिलं. फरशी रिकामी होती. नाल्यात एक सायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं. चिखलात कमरेपर्यंत बसलेले सुखदेव, कोपरातून रक्त, आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेला हिरवा थर्मास. सगळं आवरून ते सेनगावला निघाले होते. फरशीच्या मधोमध होते. काचेतून समोर दिसायला हवे होते. गणपतरावांना आणि मलाही.

मी धावत खाली उतरले. त्यांनी थर्मास आधी माझ्या हातात दिला. "शाबूत हाय," ते म्हणाले.

गणपतराव वरून हात चोळत उभे होते. "देवीच्या पाया पडत होतो राव. दिसलाच न्हाई."

सुखदेवनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "मलाही नाही दिसलात. मीही पाया पडत होते." याहून शरमेचं वाक्य मी आयुष्यात बोललेली नाही. मी ट्रकवरून सायकल उतरवून घेतली. हिंगोलीची गाडी दुसऱ्या दिवशीही होती. त्यांच्या सायकलचं चाक आम्ही दोघांनी सरळ केलं आणि सेनगावपर्यंत मी त्यांच्या उजव्या अंगाला राहिले. ते दोनदा म्हणाले, "बाई, आत या." मी आले नाही.

पुण्यात मी ही गोष्ट खूप जणांना सांगितली. तुराटी, खडी, गयाबाई, लिंबाखालचा दवाखाना. लोक पोट धरून हसतात. मी तिथेच थांबते. नाल्यातलं आजवर सांगितलं नव्हतं. पोचल्यावर महिन्याभराने सुखदेवचं कार्ड आलं. त्यांच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, की कोपर बरं आहे, नव्या सिस्टरने गेल्या आठवड्यात एकवीस लेकरं टोचली, देवीला पत्र्याचं छप्पर घातलंय आणि ट्रक तिथे आता थांबतातच. आणि खाली एक ओळ: "मागून ट्रक आला की मी फरशीवर जात न्हाई. त्याचा नमस्कार होईस्तोवर थांबतो."