दोघींमधली तार

कल्पना करा, तुमच्या हातात सुई आहे, पण तिच्यात दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार. समोरच्या उभ्या चौकटीत लहान लहान कड्या बसवलेल्या. यंत्र दाखवेल तिथून सुई पलीकडे द्यायची, पलीकडच्या बाईनं ती परत पाठवायची. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या संगणकाला जे काही ठाऊक होतं, ते असं हातानं विणलेलं होतं.

अमेरिकेतल्या वॉलथमच्या कारखान्यात ओडील तिबोदो हे काम करायची. पलीकडे लुसिएन गाँया. दोघी एकाच चर्चच्या, त्यामुळे सुईबरोबर गावभरच्या बातम्याही इकडून तिकडे जायच्या.

एका शनिवारी ओडीलनं ओढलेली तार किंचित अडली. अडली की हात वर करून तपासनिसाला बोलवायचं, हा नियम. पण मग तासभर खोळंबा. संध्याकाळी चर्चमध्ये जेवण होतं आणि तिचं घेवड्याचं भांडं घरी ओव्हनमध्ये होतं. तिनं हलकेच हिसका दिला. तार आली. तिनं सुई पुढच्या कडीत घातली.

चाचणीत कळलं, तारेवरचं आवरण खरवडलंय. दोघींची कित्येक आठवड्यांची विणाई बाद झाली. चूक कुणाच्या हातून झाली, असं मुकादम कीओनं विचारलं.

"माझ्याच हातून झाली असणार," लुसिएन म्हणाली. "हल्ली डोळे दगा देतात. सुई घेताना चाचपडते मी. विचारा हिला."

कीओनं ओडीलकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "कधीकधी."

लुसिएनला खोके भरायच्या खोलीत पाठवलं. जाताना ती हसून म्हणाली, "तुम्ही चंद्र सांभाळा गं, मी पुठ्ठे सांभाळते."

पुढे माणसं चंद्रावर उतरली, सुखरूप परत आली. चर्चच्या सभागृहात विणकर बायकांसाठी टाळ्या झाल्या. लुसिएन मागच्या बाकावरून सगळ्यांत जोरात वाजवत होती. ओडीलला मान वर करवेना.

अजूनही दर शनिवारी चर्चच्या जेवणाला दोघी एकाच टेबलाशी बसतात. लुसिएन तिच्या ताटात आग्रहानं वाढते, नातवंडांची चौकशी करते. ओडील ताटातला घास इकडून तिकडे सारत राहते. त्या दिवशी ती इकडून ओढत होती, तेव्हा लुसिएन पलीकडून तीच तार बोटांतून सैल सोडत होती. इकडे बसलेला हिसका तिकडे तिच्या बोटांना कळला नसेल?