हवेलीतला त

पौषातलं ऊन मंडपाच्या पिवळ्या कापडातून गाळून येत होतं, आणि त्या उजेडात कोऱ्या पुस्तकांचा खळ-शाईचा वास सेनगावच्या शिवारात नुकत्याच काढलेल्या तुरीच्या वाळक्या गंधात असा मिसळला होता, की कुठला वास कशाचा हे ओळखू येऊ नये. पुस्तक महोत्सवात स्थानिक लेखकांच्या वाचनाची ती दुपार होती, आणि त्या लेखकांत मी होते. आमच्या तांड्यातली पदवी मिळवलेली पहिली मुलगी मी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पहिल्या रांगेत याडी बसली होती. याडी म्हणजे आमच्या बोलीतली आई. भिंगांची कांचळी, आरसे जडवलेली चोळी, तिनं ठेवणीतून काढली होती. शेजारी सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरून आलेले मामा, तांबडा पटका, गुडघ्यावर काठी. दोघांनाही वाचता येत नाही. माझ्या पुस्तकात काय आहे ते आज पहिल्यांदाच त्यांच्या कानांवर पडणार होतं.

निवेदक कॉलेजातले सर, मनानं भले. माझी ओळख करून देताना त्यांनी पुस्तकातलंच एक वाक्य निवडलं आणि भरल्या आवाजात वाचलं, ‘त्या दिवशी माझी आई हवेलीत गायली, आणि सारा तांडा रडला.’

टाळ्या पडल्या.

मी लिहिलं होतं, ‘हवेली गायली.’ आमच्यात लग्न झालेली मुलगी बापाचा तांडा सोडताना बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि मागे राहणाऱ्या घरादाराला, गाईगुरांना आशीर्वाद देत, रडत रडत गाते. त्या गाण्याला आम्ही हवेली म्हणतो. छापखान्यात कुणा शुद्ध मराठी जाणणाऱ्यानं वाक्य सुधारलं असणार. हवेली कशी गातील, हवेलीतच गातील, असं त्याला वाटलं असेल. छापून आलेलं पान माझ्या डोळ्यांखालून कितीदा तरी गेलं होतं, पण आपलं लिहिलेलं माणूस वाचत नाही, नुसतं आठवतं. आणि आमच्या या मुलखात हवेली म्हटलं की जुन्या जहागीरदाराचं दगडी घर, अन् तिथं गाणारी बाई कोण, हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

मामांना तर नाहीच नाही. काठी टेकत ते उभे राहिले. आवाज चढवला नाही, तरी तो मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

“काहून गं लेकरा, आमची बहीण कोणाच्या हवेलीत गात व्हती?”

मागे कुणीतरी हसलं. याडीनं पदर पुढं ओढला, आणि ऊन भिंगांवरून सरकून गेलं. पुस्तक लिहून मी तिला मान दिला असं समजत होते. एका अक्षरानं तिचं नाव चारचौघांत टांगणीला लागलं होतं. माईक हातात घेतला तेव्हा माझाच श्वास मला त्यातून ऐकू येत होता. वाचायला उघडलेलं पुस्तक मी मिटलं. बैल सांगितला, वर केलेले हात सांगितले, हवेलीची रीत सांगितली, आणि हा ‘त’ माझ्या आईचा नाही, छापखान्याचा आहे, असं सरळ म्हटलं. मामा बसले नाहीत.

सर ओशाळले. चूक धुऊन काढावी म्हणून त्यांनी याडीला हात जोडले, म्हणाले, तुम्हीच स्टेजवर येऊन ती हवेली म्हणून दाखवा, साऱ्यांना कळेल. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मलाही क्षणभर वाटलं, ती गायली तर सगळंच निभावेल.

याडी जागेवरून हलली नाही. “न्हाई सर. ती दाखवायची नसती. घर सोडून जाणारीनं म्हणायची असती. मी कुठं चालून राहिले?” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “गेली ती ही. हिनं तर म्हनलीच न्हाई.”

तेव्हा कुठं मामा बसले. मला मात्र बसवेना. माझं लग्न हिंगोलीच्या मंगल कार्यालयात झालं होतं. बँड होता, फुलं लावलेली गाडी होती, बैल नव्हता. हवेलीतला एक शब्दही मला येत नव्हता, आणि तिच्यावर मी पुस्तक लिहिलं होतं.

वाचन आटोपल्यावर स्टॉलवरच्या प्रतींतला तो ‘त’ मी पेनानं खोडत बसले. मामा एकेक पुस्तक उघडून पुढं सरकवायचे. खोडायच्या अक्षराचा आकार त्यांनी बोट फिरवून ओळखून ठेवला होता. “ह्योच ना? मार त्याला,” ते म्हणाले, आणि मग हसलेही.

परतीच्या बसमध्ये याडी खिडकीशी बसली. काचेपलीकडे वेचून झालेला कापूस, पराट्यांवर अडकलेले पांढरे धागे, मावळतीचा तांबूस कवडसा तिच्या हातांवर. मग आपल्या बोलीत, भाकरीचं पीठ किती घ्यायचं हे सांगावं तशा सुरात, हवेलीचे शब्द ती मला एकेक करून सांगू लागली. गात नव्हती, फक्त सांगत होती. मी चुकले की थांबायची, पुन्हा म्हणायला लावायची.

मी म्हणत राहिले. न गाताच गेलेल्या मला जाणारीचे हे शब्द तिनं आजच का शिकवायला घेतले, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती पुढची ओळ सांगत होती.