हुरड्याची वेबसाइट

मी काढलेली इंटरनेट कंपनी लोकांनी लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली.

गोष्ट सायबर कॅफेच्या दिवसांतली. भोकरदनजवळ आमचं ज्वारीचं रान. शहरातल्या लोकांनी माझ्या वेबसाइटवर नाव नोंदवावं, पैसे भरावेत आणि रानात येऊन हुरडा खावा, अशी माझी जबरदस्त योजना! अण्णांनी (म्हणजे वडिलांनी) बजावलं, "ह्या हंगामात गिऱ्हाईक आलं तर ठीक. न्हाई तर मंग गुमान नोकरी धरायची!"

महिनाभर वेबसाइटवर एकच माणूस फिरकला. मीच! (तोही रोज, मोठ्या आशेनं.) मग एकदा जालन्यात मस्तगडच्या कॅफेत बसलो असताना घबाडच सापडलं. पुण्यात राहणाऱ्या आपल्या जालनेकरांचा इंटरनेटवरचा ग्रुप! सगळे गावाच्या आठवणीनं कासावीस. आनंदानं मला खुर्चीत बसवेना. हीच माझी पहिली गिऱ्हाइकं! घाईघाईत लिहिलं, 'मंडळी, या आमच्या रानात हुरडा खायला!' खाली गावाचं नाव आणि वेबसाइट.

आता आपल्याकडं 'या हुरडा खायला' म्हटलं की ते आवतण असतं. ते वाचल्यावर खालची वेबसाइट कोण बघतो?

रविवारी दोन जीपा भरून माणसं बांधावर उतरली! लेकराबाळांसकट!

"वेबसाइटवर नाव नोंदवलं का?" मी एका पाहुण्याला हळूच विचारलं.

"अहो, आपल्याच माणसाकडं यायला नाव कशाला नोंदवायचं?"

"नाही, पण पैसे..."

"हुरड्याचे पैसे मागतो?" आगटीत कणसं भाजता भाजता अण्णा कडाडले. "अक्कल गहाण ठेवली का? जा, दही आण जल्दी!"

पाहुण्यांनी परत जाऊन ग्रुपवर असं काही कौतुक लिहिलं, की पुढच्या रविवारी चार जीपा आल्या! बायको चटणी कुटून वैतागली. "तुमची कंपनी वाढून राह्यली, अन् माझे हात गळून राह्यले!" अण्णा मात्र खुशीत कणसं भाजतच होते. हंगाम संपला तेव्हा रानात नुसती धाटं उरली होती आणि वेबसाइटवर अजूनही मी एकटाच.

शेवटच्या पाहुण्यांबरोबर आमच्याच भागातल्या एका साखर कारखान्याचे साहेबही आले होते. ढेकर देऊन त्यांनी विचारलं, "पोरगा काय करतो?"

"काय न्हाई, बिलकुल मोकळा हाय," अण्णांनी परस्पर सांगून टाकलं.

"मंग उद्या पाठवा कारखान्यावर. कॉम्प्युटरला माणूस पायजेच हाय."

आज कुणी विचारलं, की तुमच्या कंपनीनं किती जणांना रोजगार दिला, तर मी छाती फुगवून सांगतो, "एकाला. मालकाला!"