डाळीची कळशी

कुंडलला आमच्या गल्लीत डाळ शिजवायची तर आमच्याच बोअरचं पाणी लागायचं. भोवतीच्या उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून बाकीच्यांच्या बोअरचं पाणी खारट झालेलं. त्यात डाळ टाकली की कुकर शिट्ट्या मारून दमतो आणि डाळ आपली टणक. म्हणून घराघरातून एक छोटी कळशी रोज आमच्या दारात यायची. तिला सगळे डाळीची कळशीच म्हणायचे. माझे सासरे, म्हणजे मामा, फौजेतून निवृत्त झालेले. ओट्यावर बसून ते स्वतः प्रत्येकाची कळशी भरून द्यायचे. भारी अभिमान होता त्यांना त्या पाण्याचा.

बोअर आटायला नको म्हणून मामांनी शेजारी खड्डा काढला, त्यात खडी-वाळू भरली आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी त्यातून गाळून बोअरमध्ये सोडलं. काम नामी होतं, वाद नाही. पण उन्हाळ्यात खड्डा कोरडा, आणि पलीकडच्या चरातून उसाच्या रानातलं निचऱ्याचं पाणी ओढ्याला चाललेलं. त्यांना काही चैन पडेना.

"एवढं पानी फुकट चाललंय गं!" म्हणाले, आणि चरातून खड्ड्यात पाईप टाकला.

मी म्हटलं, "आवं मामा, चराच्या काठाला पांढरं मीठ फुटलंय, दिसत न्हाई व्हय?"

"वाळूतनं गाळून जातंय."

वाळूनं गाळ अडतो, मीठ कसलं अडतंय! माझा नुसता जीव जळला.

पाणी बिघडलं. चहा फाटायला लागला. मामा तोच पीत आणि म्हणत, "दूध खराब हाय." गल्लीत फिल्टरच्या पाण्याचे जार आले, एकेक कळशी यायची थांबली. समोरच्या चाची तेवढ्या रोज येत. "बघ, त्यांची डाळ शिजतीया की!" मामा मला ऐकवत.

मग एकदा चाचींच्या शेळीला पाला द्यायला आम्ही दोघं त्यांच्या परसात गेलो, तर चाची आमच्याकडनं भरून नेलेली कळशी मोरीत ओतत होत्या. त्या जागीच थांबल्या.

"एवढ्या मायेनं भरून देता," म्हणाल्या, "नको म्हणवंना."

मामा तसेच मागे फिरले. घरी आले आणि पाईप उपटून टाकला. ओट्यावर बसायचंही सोडलं. मला फार वाईट वाटलं.

त्यावर काही पावसाळे गेले. आता फक्त पत्र्यावरचं पाणी मुरतं. मामा सकाळी उठून बोअरच्या पाण्याचा घोट तोंडात धरतात, थुंकतात आणि आत जातात. परवा थुंकला नाही, गिळला. माझ्याकडे बघून म्हणाले, "डाळ टाक."

टाकली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर दाणे तसेच. ती डाळ मी गुपचूप चाचींच्या शेळीला पाठवली, जारमधल्या पाण्यात दुसरी शिजवली आणि त्यांना वाढली.

"शिजली की गं!"

"व्हय मामा."

ते जेवून उठले, कितीतरी दिवसांनी ओट्यावर जाऊन बसले आणि समोर हाक मारली, "भाबी, कळशी घिऊन या!"

चाचींनी दारातून माझ्याकडे बघितलं, आणि कळशी घेऊन आल्या.