अर्ध्यावर थांबवलेलं सुंबरान

अर्जातला ‘सांस्कृतिक विविधता’ हा रकाना मी भरला होता. अक्षर बरं म्हणून साहित्य संमेलनाच्या समितीतली सगळी लिखापढी माझ्याच गळ्यात पडते. त्या वर्षी अनुदानासाठी नवी अट आली होती, स्थानिक लोककलेला स्थान हवं. कार्याध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमच्या निमगाव साव्यात ते मेंढरंवाले म्हातारे आहेत ना, ओव्या म्हणणारे? लिहून टाका.” मी मनापासून लिहिलं. पान भरून लिहिलं. अनुदान मंजूर झालं ते त्या पानावर, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ते बाबा माझ्या शाळेच्या मागेच राहतात. मेंढरं आता मोजकीच उरली आहेत, बाकी शेती. पण सुंबरान त्यांनी सोडलेलं नाही. सुंबरान म्हणजे ओवीतून देवांना बोलावणं. आधी नमन, त्यात गावोगावच्या देवांची नावं घेऊन एकेकाला बोलवायचं. मग कथा. आणि शेवटी आलेल्या देवांना ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचवायचं. एकदा मांडलं की पुरं करायचं, मध्ये उठायचं नाही. हे मला माहीत होतं. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे पंधरा मिनिटं छापलेली आहेत, हेही मला माहीत होतं. ऐनवेळी वेळ वाढवून घेऊ, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बाबांना काहीच सांगितलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

संमेलन घोडेगावला होतं. बाबा दोन साथीदारांना घेऊन, एसट्या बदलत सकाळीच आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा, खांद्यावर घोंगडी. आल्याआल्या त्यांना ग्रंथदिंडीच्या पुढे उभं केलं. पाहुण्यांच्या गाड्या उशिरा आल्या, तोवर तिघे उन्हात. फोटो मात्र भरपूर निघाले.

त्यांची पाळी दुपारी आली. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. बाबांनी स्टेजवर घोंगडी अंथरली, बसले, एक हात कानाला लावला आणि नमन सुरू केलं. साथीदार ओळीचा शेवट उचलून धरत होते. बाबांचा आवाज ओढाळ आहे, कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, पण मागच्या रांगांतली कुजबुज थांबली होती. देव एकेक करून येत होते. तेवढ्यात कार्याध्यक्ष उठले, माझ्या हातातला माइक घेतला आणि टाळ्या वाजवत म्हणाले, “वा, वा! आपली माती, आपली संस्कृती! वेळेअभावी आपण इथेच थांबतोय.” लगेच शाल आली, नारळ आला.

बाबांना आधी कळेचना. नारळ मांडीवर घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले.

“बाई, आवो, आजून नमनच चाललंय. देव आल्यात. त्यांना आसं हुबं टाकून कसं उठायचं?”

मी कार्याध्यक्षांच्या कानाशी लागले. ते दातांवर दात ठेवून हसत म्हणाले, “बाई, कवी ताटकळलेत. त्यांचं मानधन ठरलंय.” कवी ताटकळलेले चालत नाहीत. देव चालतात. आणि म्हातारा तर काय, कसाही चालतो!

मी तेव्हाच मोठ्याने बोलायला हवं होतं. मी नुसते सूत्रसंचालनाचे कागद टेबलावर ठेवले आणि बाबांच्या मागोमाग खाली उतरले.

मांडवामागे, आचाऱ्याची पातेली धुवायला टाकली होती तिथे, बाबांनी घोंगडी पुन्हा अंथरली. तिघे बसले, समोर मी. नमन सुटलं होतं त्याच देवापासून त्यांनी धरलं. कनातीपलीकडे कविसंमेलन सुरू झालं. एका कवीने मेंढपाळाच्या हरवत चाललेल्या ओवीवर कविता म्हटली आणि तिला ‘वन्स मोअर’ मिळाला. खरी ओवी कनातीच्या अलीकडे, त्याच्यापासून दहा पावलांवर होती! बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी कथा पुरी केली, देव पोचवले आणि मग कुठे पाणी मागितलं. परत जाताना माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, “येतो बाई.”

पंधरवड्याने अनुदानाचा अहवाल भरायला माझ्याकडे आला. फोटो चिकटवून तयार होते. ‘कलावंताचा अभिप्राय’ एवढा एक रकाना रिकामा होता. कार्याध्यक्ष फोनवर म्हणाले, “व्यासपीठ दिल्याबद्दल ऋणी आहे, असं काहीतरी टाका. आणि पुढच्या अर्जात तळेघरच्या बायका घेऊ. डोंगरातली गाणी, वेगळं वाटेल.”

मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बाबांकडे गेले. ते मेंढरं कातरत होते. म्हटलं, “बाबा, कार्यक्रमाबद्दल काय लिहू? तुम्ही सांगाल तेच लिहीन.” मनात म्हणत होते, शिव्या द्या, एकदा तरी द्या.

त्यांनी कातर खाली ठेवली आणि जरा विचार केला.

“लिवा, देव समदं सुखरूप पोचलं म्हणून. मांडवातली माणसं आर्ध्यातच ऱ्हायली व्हती. लई काळजीत आसतील.”

मी तसंच्या तसं लिहिलं. खाली त्यांचा अंगठा घेतला आणि कागद पाठवून दिला. पुढचा अर्ज मी लिहिणार नाही, हे मात्र मी त्या कागदावर नाही, कार्याध्यक्षांच्या तोंडावर सांगून आले.