मोठ्याई शिकून राहिली

आमची मोठ्याई मोबाइलमधल्या प्रोफेसरांशी बोलायची. तेही अदबीनं. दूध उतू जायला लागलं की पडद्याला म्हणायची, "सर, एक मिनिट हं." मग बटण दाबून त्यांना थांबवायची आणि गॅसकडे धावायची. परत आली की "हं, बोला." ते व्याख्यान कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठात कधीच रेकॉर्ड झालंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मालूम आहे मले," ती म्हणायची, "पण मास्तर शिकवून राहिला अन् आपण उठून जायचं, बरं दिसते का?"

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मनीषनगरात आमचं दोन मजली घर. खाली ती आणि मोठेबाबा, वर आम्ही. तिची नोकरी पाटबंधारे खात्यात, कारकुनाची. तरुणपणी तिला सायन्सला जायचं होतं. पण ते कॉलेज लांब होतं आणि घरातली एकुलती सायकल भावाला मिळाली, म्हणून ती आर्ट्सला गेली. हे ती कधी कुरकुरत सांगायची नाही. ती निवृत्त झाल्यावर मी तिला मोबाइलवर एक फुकटचा कोर्स लावून दिला, भूकंपाचा. त्यानंतर बाई थांबलीच नाही. भूकंपानंतर मुंग्या, मुंग्यांनंतर झोप, मग शहरं कशी वाढतात, मग माणसाचं हृदय. क्रमबिम काही नाही. "पंगतीत जे वाढलं ते खायचं," असं तिचं धोरण.

इंग्रजी अडायचं. म्हणून ती वेग कमी करून ऐकायची, आणि सगळे प्रोफेसर नुकतेच झोपेतून उठल्यासारखे बोलायचे. त्यांची नावं लक्षात राहत नसत, तेव्हा तिनं आपलीच ठेवली. मुंग्या शिकवणाऱ्या त्या मुंगीवाल्या मॅडम आणि हृदयवाले ते टकलू सर. टकलू सरांवर तिची विशेष माया. "किती जीव तोडून शिकवते वं तो माणूस!"

धड्याच्या शेवटी प्रश्न असत. उत्तर चुकलं की मोठ्याई टाळी वाजवून ओरडायची, "चुकलं! चुकलं!" वरच्या मजल्यावर आम्हाला वाटायचं, हिला लॉटरी लागली. मी एकदा विचारलं, यात एवढा आनंद कसला? म्हणाली, "बरोबर आलं ते तर मले येतच होतं न. चुकलं ते नवीन भेटलं."

मोठेबाबांना ही सारी थेरं वाटायची. "या वयात कलेक्टर होऊन राहिली का वं?" असं ते पेपराआडून विचारत. ती म्हणायची, "कलेक्टरले शिकाले एवढा टाइम कुठी भेटते?"

एका उन्हाळ्यात तिनं उष्णता आणि शरीर असा कोर्स घेतला. "नागपुरात राहून ऊन नाही शिकायचं तर काय बर्फ शिकायचा?" त्याच मे महिन्यात आतेबहिणीचं लग्न होतं. भांडी आणायला मोठेबाबा भर दुपारी स्कूटरवरून इतवारीच्या बाजारात निघाले. मोठ्याईनं दारात अडवलं. "नागपूरचा माणूस आहो मी, मले ऊन काय करते?" म्हणून ते गेलेच.

परतले ते भिंतीला धरून. अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी, घामाचा थेंब नाही. मोठ्याईला ते "ताई, ताई" म्हणायला लागले आणि जमिनीवरच बसले. शेजारी धावले. कुणी कांदा आणला, कुणी पन्हं.

"तोंडात काही घालू नका!" मोठ्याई कडाडली. "शुद्धीत नाहीत ते, ठसका लागंल." मला तिनं अँब्युलन्सला फोन करायला लावला. कूलर त्यांच्यासमोर ओढला, शर्ट काढला, भिजवलेली चादर अंगावर टाकली. बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि मानेला लावला. तिचे हात थांबत नव्हते. ओठही हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. जवळ गेले तर ती धडा म्हणत होती, "आधी थंड करायचं, मग हलवायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं."

डॉक्टर म्हणाले, घरीच अंग गार करायला घेतलं म्हणून निभावलं. ते ऐकून मोठ्याई दवाखान्याच्या व्हरांड्यात खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

घरी आल्यावर मोठेबाबांचं पहिलं वाक्य होतं, "तुह्या त्या सरले कळव." उष्णतेच्या कोर्सच्या पानावर शिकणाऱ्यांना सरांना लिहायला जागा होती. मोठेबाबांनी सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं: "मी नागपूरचा. माझ्या बायकोनं तुमचा धडा ऐकला. मी तिचं ऐकलं नाही. तरी मी जिवंत आहे. आभार." काही दिवसांनी त्या सरांचं उत्तर आलं. त्यांनी नकाशात नागपूर शोधून काढलं होतं आणि मोठेबाबांना विचारलं होतं, आता बायकोचं ऐकता का? मोठेबाबांनी ते उत्तर अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं त्यांच्या. भांडणं कमी झाली नाहीत, फक्त विषय बदलले. डायनोसॉर कशानं मेले यावरून दोघं एकदा अख्खी संध्याकाळ बोलत नव्हते. पुढे रविवारी सकाळी गल्लीतल्या बायका अंगणात जमायला लागल्या आणि मोठ्याई आठवड्याचं शिकलेलं त्यांना आपल्या बोलीत सांगायला लागली.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

भेटायला आलेल्या बायका आधी रडल्या, मग बोलायला लागल्या. एकीनं सांगितलं, मोठ्याईमुळं तिनं जन्मात पहिल्यांदा ग्रहणात पोहे खाल्ले. दुसरी तिच्या धाकानं बीपी तपासून आली होती आणि ते खरंच वाढलेलं निघालं. बोलता बोलता हसणंही सुरू झालं. शेजारच्या कल्पनाताई म्हणाल्या, "वटवाघळाचं काय सांगितलं होतं वं तिनं? आंधळं असते ते, असंच न?"

"नाही," मोठेबाबा म्हणाले. "आंधळं नसते. डोयानं दिसते त्याले. पण अंधारात थे ओरडते, अन् आवाज कुठून परत येते ते ऐकून वाट काढते." मग त्यांनी हाताचे पंख करून सगळं नीट समजावून सांगितलं. बायका ऐकत राहिल्या.

"दादा, तुमाले एवढं कसं मालूम?" कल्पनाताईंनी विचारलं.

मोठेबाबांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. "वर्गात होतो न आमी," ते म्हणाले. "एकाच बाकावर."