जो पिऊ शकतो, त्याला बाटली नाही

सिस्टरने पुन्हा विचारलं, "मॅडम, या बाटल्या कुणाला लावू?" आणि मी पुन्हा "थांबा" म्हणाले. थांबायला वेळ कुणाला होता?

सातपुड्याच्या पायथ्याशी एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. नाल्याचं पाणी विहिरींत उतरलं आणि गॅस्ट्रोच्या साथीने गावंच्या गावं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. खाटा संपल्या, पेशंट व्हरांड्यात आले. सलाइनच्या बाटल्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. जळगावला स्टॉक होता, पण आमची जीप गॅरेजमध्ये होती.

जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. बहुतेकांना ते तोंडाने भरून देता येतात. स्वच्छ पाण्यात ओआरएसची पुडी कालवायची आणि चमच्या-चमच्याने पाजत राहायचं. ज्याची नाडी बसली किंवा ज्याच्या पोटात घोटभरही टिकत नाही, त्याला मात्र शिरेतून सलाइन लागतं. पण आमच्याकडे लोकांचा सगळा जीव बाटलीत. पुडी म्हणजे गरिबाची बोळवण.

नातेवाईक अंगावर येऊ लागले, तेव्हा व्हरांड्यात उभं राहून मी एकदाच सांगून टाकलं, जो पिऊ शकतो त्याला बाटली नाही, मग तो कुणी का असेना. वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! राउंडला गेले तर पिणारं कुणी उरलंच नव्हतं. पेले भरलेले तसेच. सकाळी गटागटा पिणारी माणसं ओठ मिटून पडलेली आणि उशाशी नातेवाईक पहाऱ्याला. मी चिडले, आणि घाबरलेही. असंच चाललं असतं तर बरी होणारी माणसं माझ्या नियमापायी गेली असती.

त्यात आबा. केळीचे मोठे बागायतदार. जळगावहून सलाइन त्यांच्याच ट्रकमधून यायचं होतं. ट्रक दाराशी उभा, ड्रायव्हर आत बसलेला, फक्त आबांचा शब्द बाकी. त्यांची म्हातारी आई खाटेवर होती. समोर जमिनीवर डोंगरातल्या पाड्यावरची एक पावरा आदिवासी बाई पडली होती. तिची नाडी बोटाला लागत नव्हती, पाजलेलं सगळं उलटून पडत होतं. उरलेल्या बाटल्या तिलाच जेमतेम पुरल्या असत्या.

"मनी माय काहीच पेत नही," आबा म्हणाले. "नियम तुमनाच शे, बाई. तिले बाटली लावा, मंग ट्रक जाई."

ट्रक अडला तर अख्खा वॉर्ड अडणार. बाटली दिली तर समोरची बाई जाणार. काहीतरी करायचं म्हणून म्हातारीची नाडी पाहिली. भरधाव चालली होती, पण चांगली लागत होती. जीभ मात्र कोरडी ठाक. मी वाकून तिलाच विचारलं, तहान लागली का.

तिने मुलाकडे पाहिलं. "लागनी ना, पोरी. पन हाऊ पेऊ देत नही."

आबांची मान खाली गेली. मी सिस्टरला पावरा बाईकडे बोट दाखवलं आणि पेला-चमचा आबांच्या हातात दिला. ट्रकचं नाव काढलं नाही. धीरच झाला नाही. आबांनी आईला एक चमचा पाजला, मग दुसरा. तो पोटात टिकला, तेव्हा मान वर न करता ड्रायव्हरला म्हणाले, "जाय, बेगीन जाय."

ते पाहून आजूबाजूचे पेलेही उचलले गेले. पावरा बाईची नाडी हळूहळू बोटाला लागू लागली. खोक्यांनी भरलेला ट्रक परत आला, तोवर आबांची आई उठून बसली होती आणि सुई बघून हात मागे घेत होती.

नियम मी पुढेही तोच ठेवला. फक्त पेशंटला पिता येतं का, हे नातेवाइकांना विचारणं सोडून दिलं.